गाडीवाल्याला तुमचा बेत आधी कळू द्या: ठाणे-नवी मुंबईत नव्याने सायकल काढणाऱ्यांसाठी

ठाण्याहून ऐरोलीला मी सायकलने कामाला जाते. कळव्याचा पूल, विटाव्याला रेल्वेखालून जाणारा चिंचोळा रस्ता, मग दिघा, मग ऐरोली. सगळं मिळून सात-आठ किलोमीटर. पहिले पंधरा दिवस रोज कोणी ना कोणी ओरडायचं. ‘ओ मॅडम, मरायचंय का?’ हे तर ठरलेलं. मीही ओरडायचे, आणि ऑफिसात पोचेपर्यंत हात थरथरत असायचे. मग एका सकाळी कळवा नाक्याला सिग्नल पडला तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी मान बाहेर काढून अगदी शांतपणे विचारलं, ‘ताई, तुम्ही सरळ जाणार का डावीकडे, तेच मला कळत नव्हतं. मी ब्रेक कधी मारायचा?’

त्या प्रश्नाने माझी सायकल चालवण्याची रीतच बदलली. रस्त्यावरची बहुतेक भांडणं दचकण्यातून सुरू होतात. गाडीवाला दचकतो, हॉर्न दाबतो. त्या आवाजाने आपण दचकतो, हँडल हलतं. मग दोघांचे आवाज चढतात. आपण पुढच्या चार सेकंदांत काय करणार हे मागच्याला आधीच कळलं, तर यातलं निम्मं घडतच नाही. पुढचं सगळं त्यासाठी.

सायकल बाहेर काढण्याआधी

यात फार वेळ घालवू नका, पण टाळूही नका. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा; चाक फिरलं तर ब्रेक घट्ट करून घ्या. टायर अंगठ्याने दाबून हवा बघा. सीटची उंची अशी ठेवा की थांबल्यावर निदान एका पायाचा चवडा जमिनीला नीट टेकेल, कारण आपल्या रस्त्यांवर दर दोन मिनिटांनी थांबावं लागतं. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि मागच्या मडगार्डवर रिफ्लेक्टर हवाच. दिवा फक्त रात्रीसाठी असतो असं समजू नका. पावसाळ्यात सकाळी नऊ वाजताही इतकं अंधारून येतं की राखाडी कपड्यातला सायकलवाला रस्त्यात विरघळून जातो.

हेल्मेटची सायकलवाल्यांना कायद्याने सक्ती नाही. तरीही घाला, आणि हनुवटीखालचा पट्टा लावून घाला. कानात काहीही नको. मागून येणारी गाडी आपल्याला आधी कानाने कळते, डोळ्यांनी नंतर.

पहिला आठवडा आपल्याच सेक्टरच्या किंवा सोसायटीच्या आसपासच्या रस्त्यांवर, रविवारी सकाळी, फक्त एका गोष्टीचा सराव करा: सायकल सरळ रेषेत ठेवून मान वळवून मागे बघणं. सोपं वाटतं, पण नव्या माणसाची मान वळली की हँडलही त्याच बाजूला वळतं. एका पांढऱ्या पट्ट्यावरून चाक न हलता उजवीकडे मागे बघता येऊ लागलं की मोठ्या रस्त्यावर जायला तुम्ही तयार झालात. त्याआधी नको.

रस्त्यात नेमकं कुठून जायचं

नवा माणूस भीतीने अगदी कडेला चिकटतो. मीही चिकटायचे. कडेला काय असतं? गटाराची जाळी, जिच्या पट्ट्या कधी कधी चाकाच्याच दिशेने असतात. बांधकामाची वाळू. वर आलेले पेव्हर ब्लॉक. काँक्रीट आणि डांबर जिथे भेटतात तिथली लांबच लांब फट, जी चाक पकडून ठेवते. आणि उभ्या केलेल्या गाड्या. यातलं एकेक चुकवायला आपण मध्येच उजवीकडे येतो, आणि त्याच क्षणी मागची गाडी शेजारून जात असते. तिच्या चालकाला वाटतं आपण अंगावर आलो. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं खरंच आहे.

म्हणून डाव्या कडेपासून साधारण एक मीटर, म्हणजे हात लांब केला तर कडेपर्यंत पोचणार नाही इतक्या अंतरावरून, एकाच सरळ रेषेत चालवा. दोन उभ्या गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका. पुढच्या गाडीपाशी पुन्हा बाहेर यावंच लागतं, आणि मागच्याला तुम्ही मध्येच उगवल्यासारखे दिसता.

उभ्या गाडीच्या दाराचा धोका वेगळा सांगते, कारण तो मी भोगला आहे. संध्याकाळची वेळ, दुकानांची रांग, उभ्या गाड्यांच्या आरशांना जवळजवळ घासत मी चालले होते. एक दार उघडलं. दाराची कड हँडलच्या डाव्या टोकाला... नाही, आधी बोटांना लागली. हँडल फिरलं आणि मी खांद्यावर आपटले. मागून येणारा टेम्पो हळू होता म्हणून वाचले. गाडीतले काका माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. तेव्हापासून उभ्या गाडीपासून मी पूर्ण दार उघडेल एवढं अंतर ठेवते, आणि लांबूनच तिच्या मागच्या काचेतून आत बघते: डोकं दिसतंय का, ब्रेकचा दिवा आत्ताच विझलाय का, चाकं वळलेली आहेत का. रिक्षा थांबली की प्रवासी डावीकडूनच उतरतो. म्हणून थांबलेल्या रिक्षाच्या डाव्या बाजूने कधीही जाऊ नका, कितीही जागा असली तरी.

आता विटाव्यासारखी जागा. रेल्वेखालून जाताना रस्ता इतका अरुंद होतो की सायकल आणि गाडी शेजारी मावतच नाहीत. तिथे कडेला राहिलात तर मागच्याला वाटतं ‘निघेल गाडी’, आणि तो भिंतीकडे दाबतो. अशा ठिकाणी शिरण्याच्या बऱ्याच आधी मागे बघायचं, उजवा हात दाखवायचा आणि लेनच्या मध्यावर यायचं. आत असताना दमदारपणे पॅडल मारायचं. बाहेर पडल्यावर पहिली मोकळी जागा मिळताच डावीकडे सरायचं आणि मागच्यांना हाताने ‘जा पुढे’ अशी खूण करायची. ही शेवटची खूण विसरू नका. आपण अडवून बसलो नव्हतो, जागाच नव्हती, हे तिच्यातून पोचतं. मी ती करायला लागल्यापासून विटाव्याला माझ्यावर हॉर्न वाजणं खूप कमी झालं.

मान, नजर, हात

दिशा बदलायची असेल तर क्रम पक्का ठेवा: आधी मागे बघा, मग हात दाखवा, मग पुन्हा एकदा बघा, मगच वळा. हात दाखवला म्हणजे वाट मिळाली असं होत नाही. हात ही विनंती असते. मागच्या गाडीचा वेग कमी झालेला दिसला किंवा चालकाची नजर तुमच्या नजरेला मिळाली, तर ती मान्य झाली. मोठ्या रस्त्यावर उजवीकडे वळायचं असेल आणि तीन लेन ओलांडण्याची हिंमत होत नसेल, तर सरळ पुढे जाऊन चौकाच्या पलीकडे डाव्या कडेला थांबा, सायकल वळवा, आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल सुटला की त्याच्याबरोबर निघा. एखादं मिनिट जास्त लागतं.

थांबायचं असेल तरी हात खाली करून तळवा मागे दाखवा. मागे दुसरा सायकलवाला असेल तर त्याला हे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

आणि राँग साइड कधीच नाही. ‘समोरून येणारी गाडी दिसते तरी’ असं अनेक जण म्हणतात. हिशेब करून बघा. गाडी ताशी ५० आणि तुम्ही ताशी १५ किलोमीटरने एकाच दिशेला असाल, तर ती तुमच्याजवळ ३५ च्या वेगाने येते. समोरासमोर असाल तर ६५ च्या. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे बघतो. तुम्ही डावीकडून येताय हे त्याच्या मनातही नसतं. नवी मुंबईत डिव्हायडरचा यू-टर्न लांब पडतो म्हणून लोक हे रोज करतात, डबे पोचवणारे, शाळेची मुलं, सगळेच. लांब पडलं तर उतरा आणि सायकल हातात धरून फुटपाथवरून चाला.

ट्रकच्या केबिनमधून

ठाणे-बेलापूर रस्ता एमआयडीसीच्या कडेने जातो, उरणकडच्या रस्त्यांवर जेएनपीएच्या बंदराचे कंटेनर, तुर्भ्याला एपीएमसीच्या बाजाराचे ट्रक, घोडबंदर रोडवर गुजरातकडे जाणारी अवजड वाहनं. आपल्याकडे सायकल चालवायची तर ट्रकशी गाठ पडणारच. तेव्हा ट्रक कसा दिसतो यापेक्षा ट्रकमधून काय दिसतं ते शिकून घ्या.

मी ते तुर्भ्याला शिकले. कांदा-बटाटा बाजाराबाहेर एका ट्रकच्या डाव्या अंगाने पुढे घुसताना त्या चालक काकांनी मला चांगलंच झापलं. मीही उलट बोलले. ते जुन्नरकडचे, माल उतरायची वाट बघत होते. दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाले, ‘ताई, भांडू नका. वर या, बसा माझ्या जागेवर.’ त्यांच्या पोराने माझी सायकल ट्रकच्या डाव्या पुढच्या चाकाला लागून उभी धरली. मी स्टिअरिंगमागे बसून डावीकडे बघितलं. दाराचा पत्रा, खिडकीची काच, पलीकडे चहाची टपरी. सायकल नाही. पोरगाही नाही. आरशात बघितलं, तर ट्रकची कड आणि मागचा रस्ता. पोरगा हसत ओरडत होता, ‘इथेच आहे!’ मला त्याचा फक्त आवाज येत होता. मग तो बोनेटच्या समोर येऊन उभा राहिला, तेव्हा केसांचा शेंडा दिसला.

काका म्हणाले, ‘आमचा आरसा तुम्हाला दिसला, तर तुम्ही आम्हाला दिसाल. आरशात माझं तोंड दिसत नसेल तर समजायचं, मी आंधळा आहे.’

तर ट्रक, टँकर, कंटेनर किंवा बस सिग्नलला उभी असेल तर तिच्या डाव्या बाजूने पुढे जाऊ नका. मागेच थांबा, लेनच्या मध्यावर, आरसा दिसेल इतक्या अंतरावर. विशेषतः डावीकडे वळता येत असेल अशा चौकात. ४० फुटी कंटेनर डावीकडे वळताना केबिन आधी उजवीकडे घेतो, म्हणजे आपल्याला वाटतं तो सरळ किंवा उजवीकडे चाललाय, डावीकडे भरपूर जागा झाली. मग केबिन वळते आणि मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने येत नाहीत, आत कापत फुटपाथच्या कडेला येतात. ती मोकळी जागा बंद होते. चालकाला यातलं काहीच दिसत नाही. चालता ट्रक शेजारी आला आणि वळू लागला असं दिसलं, तर वेग वाढवून निसटायला बघू नका. ब्रेक दाबा आणि त्याला पुढे जाऊ द्या. वेळच नसेल तर सायकल सोडून फुटपाथवर उडी मारा.

एनएमएमटी आणि टीएमटीच्या बस थांब्याकडे डावीकडे येतात, पुन्हा उजवीकडे निघतात. पुढची बस थांब्यावर लागत असेल तर मागेच थांबा. उतरणाऱ्यांच्या आणि बसच्या मधून सायकल काढणं चूकच. तिथे आपण पायी माणसांसाठी तेच असतो जे ट्रक आपल्यासाठी असतो.

जागेजागेचे धोके

उड्डाणपुलावर जाऊ नका. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी जंक्शन इथे पुलाखालून सर्व्हिस रोडने जा, घणसोली-तळवलीलाही खालूनच. पुलाच्या तोंडाशी गाड्या ऐन वेळी ‘वर की खाली’ ठरवून आडव्या येतात, आणि पूल उतरतो तिथे वेगातल्या गाड्या तुमच्या उजवीकडून येऊन मिसळतात. या दोन्ही ठिकाणी पॅडल थांबवून मान वळवून बघा.

घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चे खांब आणि बॅरिकेड यांनी रस्ता मध्येच आवळला जातो. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत गर्दीच्या वेळी नव्याने जाऊ नका. शक्य असेल तिथे आतल्या रस्त्यांनी जा, आणि जिथे आतला रस्ता संपतो तिथे उतरून चाला.

येऊरचा चढ लोकांना आवडतो, मलाही. चढताना सायकल डावी-उजवी डोलते, हे लक्षात ठेवून शेजारी कोणी नसावं. उतरताना ब्रेक वळणाच्या आधी दाबा, वळणात नाही, आणि दोन्ही एकदम, बेताने. वळणावर समोरून दुचाकी मधली रेषा ओलांडून येणार असं धरूनच चला. पारसिक हिललाही हेच लागू.

पाम बीच मार्गाबद्दल जरा जास्त बोलायला हवं. वाशी ते बेलापूर, सपाट, खाडीची हवा. पहाटे मोकळा दिसतो म्हणून नवे सायकलवाले तिथेच आधी जातात. पण रस्ता मोकळा असला की गाड्या सुसाट असतात. ताशी ८० ने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर कापते. तुम्ही मागे बघून पुढे बघेपर्यंत ती पोचलेली असते. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नेरूळजवळ याच रस्त्यावर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांना टॅक्सीने धडक दिली आणि त्यांचा जीव गेला. ते सोबत्यांबरोबर सायकल चालवत होते. ती बातमी वाचल्यापासून मी उजाडल्याशिवाय पाम बीचला जात नाही. तुम्हीही जाऊ नका. जाल तेव्हा एकामागे एक चाला, गप्पा थांबल्यावर मारा, आणि मागचा लाल दिवा भर उजेडातही चालू ठेवा. अटल सेतूवर तर सायकलला परवानगीच नाही.

पावसात पहिल्या सरीनंतर रस्त्यावर तेलाचा थर येतो, पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं घसरडी होतात. रिमवर दाबणारे ब्रेक ओले असताना उशिरा धरतात, म्हणून थांबायच्या बरंच आधी हलकेच दाबून पाणी पुसून घ्या. तळ दिसत नाही त्या पाण्यात चाक घालू नका. विटाव्याला पाणी साचलं असेल तर त्या दिवशी ट्रेन पकडा.

कोणी कट मारला, शिवी दिली तर

आधी थांबा. रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी, पाणी प्या. राग आलेला असतो आणि तो खराच असतो; कोणी आपला जीव धोक्यात घातला तर राग येणारच. पण त्या रागात पुढच्या सिग्नलपर्यंत पाठलाग करू नका. काचेवर टकटक, बोनेटवर हात, आरशाला धक्का यातलं काही करू नका. गाडीत किती माणसं आहेत, ती कशी आहेत, तुम्हाला माहीत नसतं, आणि तुमच्याभोवती पत्राही नसतो.

गाडीचा नंबर मोठ्याने दोनदा म्हणा, म्हणजे लक्षात राहतो. वेळ आणि जागा मोबाइलमध्ये टिपा. मुद्दाम अंगावर गाडी घातली, उतरून मारायला आला, पाठलाग केला, तर ११२ ला फोन करा. चालक सिग्नलला शेजारी आलाच आणि बोलायची वेळ आली, तर आरोपापेक्षा घडलेलं सांगा: ‘दादा, तुमचा आरसा माझ्या कोपराला लागला.’ समोरच्याला बहुतेक वेळा ते खरंच कळलेलं नसतं. आणि चूक आपली असेल तर हात वर करून ‘सॉरी दादा’ म्हणा. एवढ्यावर मिटलेली भांडणं मी कितीतरी बघितली आहेत.

धडक बसली तर

उठायची घाई करू नका. मान, पाठ दुखत असेल तर हलू नका, लोकांनाही हलवू देऊ नका. १०८ ची रुग्णवाहिका मागवा. मदत करायला लोक कचरतात, ‘पोलिसांचं लफडं नको’ म्हणतात. त्यांना सांगा की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. जखमीला उपचार मिळवून देणं हे तर धडक देणाऱ्या चालकाचं कर्तव्यच आहे, कलम १३४ प्रमाणे.

शुद्धीत असाल तर वाहनाचा नंबर, चालकाचा चेहरा, सायकल पडली ती जागा यांचे फोटो काढा किंवा कोणाला काढायला सांगा. साक्षीदाराचा फोन नंबर घ्या. टपरीवाले, वॉचमन हे चांगले साक्षीदार, कारण ते उद्याही तिथेच असतात. जागेवर पैसे घेऊन ‘मिटलं’ असं लिहून देऊ नका. हाडाचं आणि डोक्याचं दुखणं कधी कधी दुसऱ्या दिवशी वर येतं. रुग्णालयात ‘पडलो’ म्हणू नका, ‘अमुक गाडीने धडक दिली’ असं सांगून एमएलसी, म्हणजे पोलीस-कायद्याच्या कामाची वैद्यकीय नोंद, करून घ्या. पुढचे सगळे कागद त्या नोंदीवर उभे राहतात.

कळवा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं, दिघा-ऐरोली नवी मुंबईच्या. हद्दीच्या आसपास अपघात झाला तर ‘तिकडे जा’ असं ऐकावं लागू शकतं. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, पुढे तो योग्य ठाण्याकडे जातो. हे शांतपणे सांगा आणि प्रत घ्या. मोटार वाहनाने झालेल्या अपघातातल्या जखमींसाठी २०२५ पासून केंद्राची योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार. रुग्णालयात याची चौकशी घरच्यांनी आधीच करावी. प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा असतो, त्यातून भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो; कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून प्लास्टर निघायची वाट बघत बसू नका. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपयांची तरतूद आहे. तो अर्ज प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे जातो.

हेल्मेट आपटलं असेल तर ते बाहेरून धड दिसलं तरी बदला.

घरात गाडी चालवणाऱ्यांना एवढं सांगा

आमच्या घरात गाडी भाऊ चालवतो. माझ्या खांद्याचा काळा-निळा डाग बघितल्यावर त्याने एक सवय लावून घेतली: गाडीचं दार उघडताना उजवा हात वापरायचा नाही, डाव्या हाताने उघडायचं. डावा हात उजव्या दारापर्यंत न्यायचा तर अंग आपोआप वळतं आणि नजर आरशावरून मागच्या रस्त्यावर जाते. डावीकडे बसणाऱ्यांनी उजव्या हाताने. आता आईसुद्धा तसंच उतरते. सायकलच्या मागे असताना तो हॉर्न वाजवत नाही, कारण मी कशी दचकते ते त्याने बघितलंय. जागा होईपर्यंत थांबतो, आणि पुढे काढताना एक दार पूर्ण उघडेल एवढं अंतर सोडतो. तेवढी जागा नसली तर मागेच राहतो. विटाव्याला एकदा त्याची गाडी माझ्या मागे होती हे मला बाहेर पडून ‘जा पुढे’ अशी खूण केल्यावर कळलं.